चांगुणामावशीचा नवा अंगठा

"म्हंजे पायाचा हात करनार, का हाताचा पाय?" असं विचारून चांगुणामावशी इतकी मोठ्यानं हसली, की बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारातून डोकावले. समोर बसलेल्या डॉ. अनघांनाही हसू आवरेना. पायाचं दुसरं बोट हाड, शिरा, मज्जातंतू आणि कातडीसकट काढायचं आणि अंगठ्याच्या जागी बसवायचं, असं त्या तिला समजावत होत्या. त्यांच्या ठाण्याच्या रुग्णालयात मी हातांना व्यायाम देण्याचं काम करते. त्या दिवशी मावशीला मी पहिल्यांदा पाहिलं. केसांत अबोली होती आणि उजवा हात पदराखाली लपवलेला होता.

मावशी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. कल्याणच्या बाजारात सासूनंतर तिच्याकडे आलेली मासळीची जागा होती. बर्फ फोडायच्या यंत्रात अंगठा सापडला तो पार चिरडूनच निघाला, परत जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जखम भरली, पण कोयता धरता येईना, पापलेट हातातून निसटायचं. धंदा सून बघू लागली. मावशीला मात्र ते रिकामं बसणं सोसत नव्हतं. "घरान बसून करू काय? भिंतीशी भांडू?"

हसून झाल्यावर ती उठून गेली आणि बरेच दिवस आलीच नाही. मी फोन केला तेव्हा खरं कारण कळलं. "आई एकवीरेला हात जोडायचा, त पायाचा बोट पुडं येल. मना नाय जमायचा." मग एका गुरुवारी ती आपणहून आली. डोंगरावर जाऊन देवीसमोर तसाच तोकडा हात जोडून आली होती. "आईला सांगून आयलंय. ती काय बोल्ली नाय. म्हंजे चालतंय." फक्त एक अट होती, उजव्या पायाला हात लावायचा नाही. त्या पायानं ती मासे कापायची विळी दाबून धरायची. डॉक्टरांनी डावा पाय कबूल केला.

शस्त्रक्रिया लांबलचक झाली. केसाहून बारीक दोऱ्यानं, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रक्तवाहिनी जोडायची, म्हणजे घाई करून चालतच नाही. डॉ. अनघांचं संशोधनही याच वाटेवरचं. एका माणसाचा हात दुसऱ्याला लावायचा, तर तोडलेले मज्जातंतू पुन्हा कसे वाढतात आणि मेंदू नवं बोट कसं ओळखतो, हे आधी कळायला हवं. मावशीचं बोट तिचंच होतं, त्यामुळे शरीर ते परकं मानेल ही भीती नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ते जांभळं पडलं. शिरेत रक्ताची गाठ झाली होती. पुन्हा आत न्यावं लागलं. स्ट्रेचरवरून मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, "तोंड नको पाडू गो. तू रडलीस त माजा बोट पन रडल." संध्याकाळी बोटाचा रंग परत आला. डॉक्टर भिंतीला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या होत्या.

त्या बोटाला मावशी 'पाव्हना' म्हणायची. पाव्हण्याला थंडी वाजते, पाव्हणा आज रुसलाय. व्यायामासाठी मी कपड्यांचे चिमटे दिले, राजमा निवडायला दिला. दोन दिवसांत तिला कंटाळा आला आणि ती डब्यातून कोलंबी घेऊन आली. सोलत बसली. आमच्या खोलीला असा वास सुटला, की शेजारच्या विभागातून तक्रार आली. पण चिमट्यानं जे होत नव्हतं, ते कोलंबीनं केलं. नवं बोट वाकू लागलं, सालाची कड पकडू लागलं. पुढं ती बाजारात परत बसली, तेव्हा मी डोंबिवलीच्या घरून मुद्दाम गेले. कोयता तिच्या हातात होता. मी विचारलं, "पाहुणा काय म्हणतो?"

"आता कसला पाव्हना? घरजावय झाला. काम करतंय म्हनून जेवतंय."

त्यानंतर दर गुरुवारी, बाजारात गिऱ्हाईक कमी असतं म्हणून, ती आमच्याकडे येऊन बसायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकदा मी तिला प्रणालीबद्दल सांगितलं. विठ्ठलवाडीची बावीस वर्षांची पोर, कारखान्यात प्रेस मशीनखाली तिचा अंगठा गेला होता. पायाचं बोट लावायला ती ठाम नकार देत होती. आता तर फोनही उचलत नव्हती. "चल, जाऊ," मावशी म्हणाली.

प्रणालीच्या आईनं 'जय भीम' म्हणून आत घेतलं, चहा टाकला. प्रणाली भिंतीकडे तोंड करून बसली होती. "लोक हसतील मावशी. हाताला पायाचं बोट!"

"हसू दे. पयली मीच हसली व्हती." मावशी तिच्याजवळ सरकली आणि आपला नवा अंगठा तिच्या डाव्या मुठीत दिला. "दाब."

पोरीनं हलकेच दाबला.

"जोरान दाब. नख लाव."

प्रणालीनं नख रुतवलं. मावशी कळवळली. डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यातूनच ती हसली. "बगितलास? दुकला ना मना? दुकतंय म्हंजे माजाच हाय. लोकांचा आसता त मना कशाला दुकला आसता?"

प्रणाली बराच वेळ तो अंगठा धरून बसली. चहा निवून गेला. पुढच्या आठवड्यात ती आईला घेऊन रुग्णालयात आली.

तिची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. मावशी तिला बघायला दोनदा येऊन गेली, येताना सुक्या बोंबलांची पुडी घेऊन. पण मज्जातंतू सावकाश वाढतात, नव्या बोटाला जाणीव यायला महिने लागतात. तेवढा वेळ मावशीला मिळाला नाही. बाजारातून घरी आली, पाणी मागितलं आणि ओटीवरच गेली. हृदयाचा झटका. कोळीवाड्यात आम्ही तिघी गेलो, डॉक्टर, प्रणाली आणि मी. तिच्या सुनेनं प्रणालीचा हात हातात घेऊन अंगठा पाहिला आणि तिला जवळ घेतलं.

गेल्या महिन्यात मी प्रणालीला डोळे मिटायला लावून तिच्या बोटाच्या टोकाला नेहमीसारखी सुई टेकवत होते. आजवर ती दर वेळी मान हलवून नाही म्हणायची. त्या दिवशी तिनं झटकन हात मागं घेतला.

"आई गं! मॅडम, टोचलं!" ती ओरडली. मग आपण काय म्हणालो ते तिला कळलं आणि हात पुढं करून ती म्हणाली, "परत टोचा."

मी परत टोचलं. ती हसत होती, डोळे पुसत होती. तिसऱ्यांदा टोचा म्हणाली, तेव्हा मात्र सुई मला नीट दिसेना.