हॉर्नला उत्तर

रेल्वेची ऑर्डर माझ्या हातात पडली तेव्हा आबांनी अख्ख्या गावात पेढे वाटले. पोरगी गाडी चालवणार! मांजरसुंब्याच्या हॉटेलवर त्यांचे ट्रॅक्टरवाले दोस्त बसतात, तिथं जाऊन तर त्यांनी सांगून टाकलं की आता ही मुंबईहून थेट दिल्लीला गाडी नेणार. दिल्ली हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता, पण वडिलांना कोण अडवणार?

पुढं मला काम मिळालं कसारा घाटात, बँकरवर. बँकर म्हणजे मागून ढकलणारं इंजिन. तो घाट असा उभा आहे की भरलेली मालगाडी एकट्या पुढच्या इंजिनाला ओढवत नाही. म्हणून शेपटाला आम्ही लागतो आणि इगतपुरीपर्यंत जोर लावतो. तिथं आम्हाला सोडवतात, गाडी तिच्या वाटेनं निघून जाते, आणि आम्ही मोकळं इंजिन घेऊन परत खाली येतो. खाली पुढची गाडी वाट बघत उभीच असते.

पहिल्या सुट्टीत मी हे सगळं आबांना मोठ्या हौसेनं सांगितलं. ते भाकरी मोडता मोडता थांबले.

"म्हंजी पुढं गाडी दुसराच चालवतो?"

"हो, पण आबा..."

"अन तू मागून ढकलती."

"अहो, आमी जोर न्हाई लावला तर गाडी जागची हलत न्हाई!"

"ढकलतीच की मग," ते म्हणाले, आणि आईकडं अजून कालवण मागितलं.

त्या दिवसापासून कुणी विचारलं, पोरगी काय करते, की आबा एवढंच म्हणायचे, "रेल्वेत हाय." पुढं एक शब्द नाही. मी असिस्टंट ड्रायव्हर होते तेव्हा एक वेळ ठीक होतं, पण पुढं इंजिन स्वतःच्या हातानं चालवायला लागले तरी "रेल्वेत हाय"च. ऐकणाऱ्याला वाटावं, मी तिकीटखिडकीत बसते. मला लई राग यायचा. ज्या माणसानं मला ट्रॅक्टरवर बसवून, "क्लच हळू सोड, मागं रेडकू बांधलंय असं समज," म्हणत गाडी शिकवली, त्यानंच मला ड्रायव्हर म्हणू नये? बाकी जगानं काहीही म्हणावं, मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

आता आबांचं सांगते. ते उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस नेतात. मांजरसुंब्याच्या अलीकडं जो चढ आहे, त्यावर भले भले ट्रॅक्टर दम टाकतात. मग दुसऱ्याचा ट्रॅक्टर पुढं साखळीनं बांधून ओढून घ्यायचं. त्याला आमच्याकडं टोचन म्हणतात. आबांनी आयुष्यात कधी टोचन घेतलं नाही, आणि हे ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवतात. दुसरा अभिमान त्यांच्या म्युझिक हॉर्नचा. बटण दाबलं की एक अख्खी चाल वाजते आणि संपेपर्यंत थांबत नाही. म्हशी दावं तोडतात, पण आबा खूश.

गेल्या हंगामात मी सुट्टीवर होते. दुपारी आईनं डबा दिला आणि मी चुलत्यांचा मोकळा ट्रॅक्टर घेऊन आबांना गाठायला निघाले. बघते तर चढाच्या मध्यावर आबांचा ट्रॅक्टर उभा. उसाच्या ओझ्यानं पुढची चाकं उचलायला लागली होती. उसावर बसून आलेल्या ऊसतोड टोळीतल्या नवराबायकोनं चाकांमागं दगड लावले होते, आणि आबा इंजिनाकडं असे बघत होते की सगळी चूक त्या इंजिनाचीच.

"डबा ठिव तिथं," ते मला म्हणाले. "जरा गार झालं की निघतो."

"आबा, हे गार होऊन चढणारं न्हाई. मी टोचन लावते."

"टोचन? मी? तुझं डोकं फिरलंय का?"

तोवर मागं ट्रकांची रांग लागली. नारायणगडाला दर्शनाला निघालेली एक जीपभर माणसं खाली उतरून बघायला लागली, त्यातल्या एका आजीबाईंनी तर बसायला दगड शोधला. चारचौघांत तमाशा नको म्हणून आबा शेवटी फणकारले, "लाव. लाव काय लावायचं ते."

मी ट्रॅक्टर पुढं घेतला, साखळी अडकवली आणि म्हणाले, "मी हॉर्न देईन. तुमी हॉर्ननं उत्तर द्यायचं. मगच दोघांनी क्लच सोडायचा."

"कशाला ही थेरं? हात केला की निघ."

"मी पुढं बघायचं का मागं तुमचा हात बघायचा? एकानं आधी ओढलं तर साखळी तुटती, आबा. मग ट्रॉल्या थेट त्या जीपवर."

आमच्या घाटात हेच चालतं. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला सिग्नल दिसत नाही. आता वॉकीटॉकी असतो, तरी हॉर्नची शिस्त कुणी सोडलेली नाही. पुढून हॉर्न आला की मागून उत्तर जातं, आणि उत्तर गेल्याशिवाय कुणी हलत नाही.

मी हॉर्न दिला. मागून काहीच नाही. वळून बघते तर आबा हात हलवतायत, चल, चल! मी परत हॉर्न दिला. परत हातच. मग मीही त्यांचीच लेक. ब्रेक दाबून धरला आणि हाताची घडी घातली.

"कावून थांबली गं?" आबा ओरडले.

"उत्तर कुठंय?"

"अगं, लोक बघायलेत!"

"बघू द्या की. मला घाई न्हाई, सुट्टी हाय माझी."

ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न मारायला लागले. ज्यांनी द्यायला पाहिजे ते सोडून सगळ्यांनी दिला. शेवटी दगडावरच्या आजीबाई कडाडल्या, "आरं वाजीव की बाबा! पोरगी सांगती ते ऐकावं!"

आणि आबांनी बटण दाबलं. सगळ्या चढावर ती चाल घुमली. मधेच तोडता येत नाही, म्हणून ती संपेपर्यंत आम्ही सगळे मुकाट ऐकत बसलो. ती संपली आणि मी क्लच सोडला, रेडकू बांधल्यासारखा. साखळी ताणली, मागून आबांचा जोर आला, तो मला सीटखाली कळला. झटका नाही, धक्का नाही, दोन ट्रॅक्टर एका जिवानं वर निघाले. अहाहा! पटापट दगड उचलून ती नवराबायको शेजारून चालत होती आणि बाई मला बघून हसत होती.

वर हॉटेलवर आबांचे दोस्त टपूनच होते. "काय आबा, आज टोचन?" साखळी सोडून आबांनी माझ्या ट्रॅक्टरवर टाकली आणि चहाचा ग्लास घेऊन तोंड फिरवून बसले. मनात म्हटलं, झालं, हीच आपली इगतपुरी. वर चढवलं की सुटलो.

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला घामाघूम होऊन चढ चढत आला. त्याची पण गाडी खाली अडकली होती.

"आबा, साखळी हाय ना तुमच्याकडं? येता का टोचन द्यायला?"

"मी कशाला? ती येईल."

त्यानं मला वरून खाली बघितलं. "ही?"

"डायवर हाय," आबा म्हणाले.

"ट्रॅक्टरची?"

"रेल्वेची! मालगाड्या घाटावर चढवती, तुझा ट्रॅक्टर काय घिऊन बसला! अन ऐक बे, तिनं हॉर्न दिला की पहिलं उत्तर द्यायचं. उत्तर आल्याबिगर ती बापाला पण हलवत न्हाई."

हॉटेलभर हशा पिकला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी पण थांबत नव्हतं, म्हणून मी घाईघाईनं ट्रॅक्टरवर चढले. उतारावर वळवला आणि जाता जाता, उगीचच, एक हॉर्न दिला.

चहाचा ग्लास हातात तसाच धरून आबा त्यांच्या ट्रॅक्टरवर चढले आणि त्यांनी अख्खी चाल वाजवली.