रकाने बदलले त्या दुपारी

फुटबॉल संघटनेच्या ऑफिसात तिला सगळे गोलताई म्हणायचे. जन्मात तिने कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता, पण मुलींच्या लीगच्या प्रत्येक मॅचचे आकडे तिच्या हाताखालून जायचे. पायथन या संगणकी भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरून तिने प्रोग्रॅम लिहिला होता. तो लीगच्या वेबसाइटवरची पानं आपणहून वाचायचा आणि कुठल्या गोलकीपरने किती गोल अडवले, किती खाल्ले ते तक्त्यात भरायचा. तो तक्ता बघूनच निवड समिती पहिल्या तीन गोलकीपर मुलींना शिबिराला बोलवायची.

नावं जाहीर व्हायला थोडाच वेळ होता. तिने सहज तक्ता उघडला. तिची भाची, लीगमधली चांगली गोलकीपर, पार तळाला!

तिने घाईघाईने वेबसाइट बघितली. पानाची मांडणी बदललेली होती. ‘अडवले’च्या जागी ‘खाल्ले’ आणि ‘खाल्ले’च्या जागी ‘अडवले’. प्रोग्रॅम आपला जुन्याच जागेवरून आकडे उचलत बसला होता.

दुरुस्ती दोन ओळींची, पण बोटं चालेनात. मावशीने भाचीसाठी आकडे फिरवले, असं कुणी म्हटलं तर? आणि गप्प बसावं तर सगळ्याच पोरींवर अन्याय. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ती साहेबांकडे गेली.

“साहेब, तक्ता चुकलाय. माझ्या प्रोग्रॅमने रकाने उलटे वाचलेत.”

“आत्ता सांगताय?”

“आत्ताच कळलं. आणि अजून एक... तळाला आहे ती माझी सख्खी भाची.”

साहेबांनी चष्मा काढला. “मग तुम्ही हात लावू नका. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई करतील. मी समितीला थांबवतो.”

शेजारच्या बाईंनी सगळे आकडे नव्याने उचलले, एकेक आकडा वेबसाइटशी ताडून पाहिला. गोलताई ओढणीचं टोक पिळत मागे उभी.

नवा तक्ता आला. भाची चौथी. तिसरी होती एका छोट्या क्लबची मुलगी, जिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. “आकडे तूच लावतेस ना गं? घरच्या पोरीसाठी एवढंही जमलं नाही?” आणि खाडकन फोन बंद.

थोड्या वेळाने भाचीने केला. “मावशी, मी खरंच चौथी?”

“हो गं. नीट तपासलंय.”

“बरं. ठेवते, प्रॅक्टिसला उशीर होतोय.”

रकान्यांच्या जागा बदलल्या तर प्रोग्रॅम आता जागच्या जागी थांबतो. तशी सोय तिने करून घेतली. बहीण मात्र अजून धड बोलत नाही.