चिठ्ठीवर लिहिलेलं नाव

गोळी आली तेव्हा मी दहावीच्या वर्गात प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होते. आवाज झाला आणि फळ्याच्या उजव्या कडेला भिंतीचा गिलावा उडाला, दोन्ही एकदमच. दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर होती, त्यामुळे मागच्या बाकावरचा कोणीतरी सुतळी बॉम्ब म्हणून हसला. मग पुढच्या बाकावरच्या मुलाच्या कानातून रक्त ओघळलं आणि हसू थांबलं. गिलाव्याचा तुकडा लागला होता त्याला, दुसरं काही नव्हतं. पण ते कळायला वेळ गेला. मी मुलांना बाकाखाली बसायला सांगितलं आणि मी स्वतः टेबलामागे बसले. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर शाळेत सगळ्यांना मी सांगत फिरले की आधी मी मुलांकडे धावले.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. शहापूरहून डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते हायस्कूल. मी शहापुरात राहायचे आणि रोज काळ्या-पिवळ्या जीपने जायचे-यायचे. परदेशात शाळेत घुसून मुलं गोळ्या घालतात, हे आम्ही तोवर टीव्हीवर बघितलेलं होतं. स्टाफरूममध्ये त्यावर बोलणंही व्हायचं, आणि बोलण्याचा शेवट नेहमी एकच. आपल्याकडे असलं काही होत नाही.

सगळं शांत झाल्यावर मी कंपासपेटीतल्या कर्कटकाने भिंतीतलं भोक उकरलं. आत शेंगदाण्याएवढा धातूचा तुकडा निघाला. पुढून चेपलेला, बाहेरून तांब्यासारखा लाल, आत शिसं. एकच तुकडा. मी तो मुख्याध्यापकांना नेऊन दिला. त्यांनी तो खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकला आणि म्हणाले की पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी आहे, फटाका होता असंच म्हणू. मी मान हलवून वर्गात परतले. पण ज्याच्या कानाला लागलं होतं त्या मुलाचा काका गावचा पोलीस पाटील होता. तासाभरात पोलिसांची गाडी आली.

फौजदार तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी भोक बघितलं, खोक्यातला तुकडा बघून ताब्यात घेतला, खिडकी बघितली, खिडकीतून दिसणारा नाला आणि पलीकडची झाडी बघितली. मग स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि म्हणाले की कोणाचा राग असेल, कोणी नापास झाला असेल, कोणाला मारलं असेल, ते तुम्हालाच ठाऊक. त्यांनी हवालदाराला कागदाचे तुकडे करायला सांगितले. प्रत्येक शिक्षकाने ज्या विद्यार्थ्याचा संशय येतो त्याचं नाव लिहायचं. सही नको.

आम्ही अकरा जण होतो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. खेळाच्या सरांनी हाताने कागद झाकून लिहिलं, परीक्षेत मुलं झाकतात तसं. त्यांनी गेल्या महिन्यात तिघांना वेताने मारलं होतं आणि गोळी आपल्यालाच होती असं त्यांना वाटत होतं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. गोळी येण्याच्या पाच-सात मिनिटं आधी खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली होती. बाहेर जाऊ का, म्हणाली. तास चालू असताना मी कोणाला सोडत नसे. पण तिचा चेहरा उतरलेला होता, म्हणून जा म्हटलं. ती दप्तर घेऊन गेली. दप्तर कशाला, असं माझ्या तेव्हाच मनात आलं होतं. ती परतलीच नाही.

ही मुलगी वरच्या पाड्यावरची. रोज दीड तास चालून यायची. विज्ञानात हुशार, पण बोलायची कमी, आणि चुकीचं उत्तर दिलं तरी नजर खाली घालायची नाही. सहामाहीत मी तिला वर्गासमोर बोलले होते, वही अपुरी होती म्हणून. तिच्या घरी ठासणीची बंदूक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. भात पिकलं की रानडुकरं उतरतात, तिचा बाप रात्री माचावर बसायचा.

दप्तर, खिडकी, बंदूक. माझ्या मनात गणित जुळलं. मी तिचं नाव लिहिलं.

खरं तर मला कळायला हवं होतं. माझे वडील धरणावर कारकून होते, आम्ही सरकारी खोल्यांत राहायचो, तरी माझ्या शाळेत कोणाचा पेन हरवला की पहिलं दप्तर माझं उघडलं जायचं. आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती, एवढं त्याला पुरायचं. हे मी कधी विसरले नव्हते. पण त्या दिवशी हातात कागद आला तेव्हा ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. फौजदारांनी तिला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. मला बाई माणूस म्हणून बसवून घेतलं. खोलीत मुख्याध्यापक, फौजदार, हवालदार आणि मी. तिला विचारलं, तू वर्गातून का गेलीस. ती गप्प. कुठे गेली होतीस. गप्प. दप्तर का नेलंस. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडे. हवालदार आवाज चढवून म्हणाला की गप्प बसणारीच खरी असते. पाऊण तास हे चाललं. ती रडली नाही, आणि माझ्या मनात तेही तिच्याविरुद्धच गेलं.

दुपारी पोलीस पाड्यावर गेले. बंदूक सापडली. परवाना तिच्या आजोबांच्या नावचा, आजोबा वारलेले, पुढे कोणी तो आपल्या नावावर करून घेतला नव्हता. बापाला गाडीत घालून नेलं. तिसऱ्या दिवसापासून मुलीने शाळा सोडली.

शाळेने आपल्या परीने उपाय सुरू केले. फाटकावर शिपाई दप्तरं तपासायला लागला. पहिले दोन दिवस सगळ्यांची, मग फक्त पाड्यावरच्या मुलांची, कारण वेळ पुरत नसे. त्यांच्या दप्तरांत भाकरी, गलोल, एकदा एक कोयता निघाला. कोयता सुट्टीनंतर लाकडं तोडायला होता. तो जप्त झाला आणि मुलाला दिवसभर फाटकाबाहेर उभं केलं. नाल्याकडची खिडकी विटा लावून बुजवली. वर्गात दिवसा अंधार. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक सांगायचे की कोणी काही संशयास्पद बोलताना ऐकलं तर कार्यालयात येऊन सांगा. मुलं खरोखरच यायला लागली. एकमेकांचे हिशेब चुकते करायला लागली. स्टाफरूममध्येही कोणी कोणाचं नाव लिहिलं याची कुजबुज असायची. खेळाचे सर पाठ भिंतीला लावून बसायला लागले. मी फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ करायला घाबरायचे.

आठवडाभराने एकदा खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी घासत होत्या. खालच्या वर्गांना शाळेत खिचडी मिळायची, ती त्या करायच्या. मी हात धुवायला गेले होते. बोलता बोलता मी म्हणाले की त्या पोरीच्या मनात काय होतं कोण जाणे. मावशींचा हात थांबला.

"बाई, ती तं माझ्याकं व्हती," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कधी.

"तवाच. आवाज झाला तवा ती माझ्या खोलीत. कपडे खराब झाले व्हते तिचे, पाळी आल्ती. फडका मागाया आली. दप्तर मागं धरून आली, कोनाला दिसू नये म्हनून. मी तिला मागच्या वाटेनं घरी धाडली."

हे पोलिसांना का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की कोणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी गड्यांसमोर हे कसं सांगायचं. शिवाय पोलिसांच्या कागदावर नाव चढलं की खिचडीचं काम जाणार, ही भीती.

मी तिथेच दगडावर बसले. त्या खोलीत मला बाई माणूस म्हणून बसवलं होतं. त्या मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं होतं ते मदतीसाठी. एक शब्द मी बोलले असते, दोन मिनिटं तिला बाहेर नेलं असतं, तर सगळं उलगडलं असतं. तपासनिसासारखी मी तिच्या डोळ्यांत पाणी येतं का ते बघत बसले होते.

त्यानंतर दुसरी गोष्ट डोकं खायला लागली. ठासणीच्या बंदुकीत छर्रे भरतात. मूठभर बारीक गोळ्या, दूरवर जाताना पसरतात. भिंतीत एकच तुकडा होता, आणि त्याला तांब्याचं आवरण होतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने तो हातात धरला होता. बंदुका हाताळणाऱ्या फौजदारांनाही तो दिसला होता. मग ते ठासणीच्या मागे का लागले?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी नाला ओलांडून पलीकडे गेले. तिथे मुंबईच्या कोणा मालकाचं फार्महाऊस होतं, तारेचं कुंपण घातलेलं. मागच्या बांधावर पत्र्याचे डबे एका ओळीत मांडलेले होते. काहींना आरपार भोकं होती. बांधाच्या सरळ रेषेत आमच्या शाळेची कौलं दिसत होती. राखणदार गावातलाच होता. मी डब्यांबद्दल विचारलं तर म्हणाला की पाव्हणे येतात, निशाण लावतात, डोंगराकडं मारतात. गोळी आली त्या बुधवारी होते का, असं मी विचारलं. त्याने कुंपणाची तार धरली आणि म्हणाला, "बाई, तुमी हिकडं येऊ नका."

मुख्याध्यापकांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. मुलीचं ऐकून त्यांना वाईट वाटलं, खोटं बोलणार नाही. पण फार्महाऊसचं ऐकल्यावर म्हणाले की त्या मालकाने शाळेला पंखे दिले आहेत, आणि आपल्याकडे पुरावा काय. गोळी पोलिसांकडे गेली आहे, तुम्ही शिकवण्याकडे लक्ष द्या. ते नेहमीपेक्षा जास्त नम्रपणे बोलत होते. तेवढंच मला त्यांचा संशय यायला पुरेसं झालं.

मी अर्ज लिहिला. साधा, एक पानाचा. मुलगी त्या वेळी कुठे होती, ते मावशींचं नाव न घालता. भिंतीतून काय निघालं, ते कसं दिसत होतं. बांधावर काय बघितलं. शेवटी एक ओळ लिहिली की चिठ्ठीवर तिचं नाव मी लिहिलं होतं आणि ते चुकीचं होतं. ती ओळ दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा लिहिली.

शहापूरच्या पोलीस ठाण्यात फौजदारांनी अर्ज पूर्ण वाचला. ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं की हे त्या दिवशी का सांगितलं नाहीत. मी म्हणाले की मला माहीत नव्हतं, आणि तुम्ही जसं विचारत होता तसं कोणत्याही मुलीला सांगता आलं नसतं. मग मी गोळीचं काढलं. ते म्हणाले, "पंचनाम्यात छर्रे लिहिले आहेत, बाई. तुमच्या मुख्याध्यापकांची सही आहे त्यावर."

 त्यांनी नजर वळवली आणि मला दिसलं की त्यांना सगळं माहीत आहे. कदाचित त्यांनाही वरून कोणी नम्रपणे समजावलं असेल. ते मला आजही ठाऊक नाही.

मी अर्जाची पोच मागितली. हवालदार म्हणाला की शिक्का साहेबांच्या कपाटात आहे. मी बाकावर बसले. शेवटची जीप निघून जाईल म्हणून त्याने दोनदा आठवण करून दिली. माझं घर शहापुरातच आहे, चालत जाईन, असं मी सांगितलं. दिवे लागायच्या वेळेला त्याने शिक्का काढला आणि कागदावर इतक्या जोरात मारला की अर्ज फाटला.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप सुटला. माझ्या अर्जामुळे की पोलीस पाटलाने शब्द टाकला म्हणून, सांगता येत नाही. बंदूक परत मिळाली नाही. त्या वर्षी डुकरांनी त्यांचं निम्मं भात खाल्लं, असं कोणी सांगितलं. पुढे कोणाला अटक झाली नाही. फार्महाऊसवर काही महिने गाड्या आल्या नाहीत, मग पुन्हा येऊ लागल्या. बांधावरचे डबे मात्र गेले. शाळेत माझा दहावीचा वर्ग काढून घेतला गेला, वेळापत्रकाची अडचण म्हणून.

मी पाड्यावर गेले होते एकदा. तिच्या आईने पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं. मुलगी घरात होती, बाहेर आली नाही. मी आईला सांगून आले की परीक्षेचा फॉर्म मी भरलेला आहे, वर्गात नाही आली तरी चालेल. मुलगी मार्चमध्ये शेणव्याच्या केंद्रावर परीक्षेला बसली. विज्ञानात चांगले गुण पडले.

जूनमध्ये ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. कारकून जेवायला गेला होता, म्हणून कार्यालयात आम्ही दोघीच होतो. मी कपाटातून रजिस्टर काढलं, तिची ओळ शोधली. मला ते बोलायचंच होतं, पण कसं सुरू करावं कळेना. शेवटी रजिस्टरकडे बघतच म्हणाले, "तुझं नाव मी लिहून दिलं होतं."

"मला म्हायती व्हता," ती म्हणाली. "वर्गात तुमीच तं व्हत्या."

मी म्हणाले की माझं चुकलं.  बाहेर शिपाई नव्या मुलांची दप्तरं उघडून बघत होता, त्याचा आवाज येत होता.

"बाई, तुमी मला तवा बाहेर न्यायाला पायजे व्हता," ती म्हणाली. "मी तुमाला सांगितला असता."

पुढे मुरबाडला नर्सिंगच्या कोर्सला जाणार असल्याचं तिने सांगितलं. दाखल्यावर वर्तणूक लिहायची एक ओळ असते. कारकून आल्यावर त्याने तिथे सवयीने समाधानकारक लिहिलं. मी त्याच्याकडून कागद घेतला, नवा दाखला काढायला लावला आणि चांगली असं लिहून घेतलं. ती ते वाचत थांबली नाही. दाखला घडी करून ओढणीत गुंडाळला आणि फाटकावर शिपायाने हात पुढे करायच्या आत खांद्यावरचं दप्तर स्वतःच उघडून त्याच्यासमोर धरलं.