थंडीच्या माहेरी निघालेली मिनीबस

नवऱ्यानं शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली त्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पलंग कुठे बसेल हे बघायला टेप घेऊन मीच आधी आत शिरले. पुढचे तीन महिने आम्हा दोघांना दुसरं काही सुचलंच नाही. नाशिकला नोकऱ्या करायच्या, शुक्रवारी संध्याकाळी निफाडजवळच्या आमच्या गावी पळायचं आणि द्राक्षबागेशेजारी उभ्या केलेल्या त्या पिवळ्या गाडीचं घर करत बसायचं. बेत मोठा होता. ऐन हिवाळ्यात तिच्यातून हिमाचलात जायचं आणि बर्फ बघायचा. पन्नाशीला आलेली माणसं, पण लहान मुलांनी सहलीच्या आधी करावं तसं आमचं चाललं होतं.

बेत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मलाबी यायचंय."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"लगीन होऊन आले तवापासून हिवाळ्यात कधी पहाटं चारच्या पुढं झोपले नाय," त्या म्हणाल्या. "थंडी वाढली की द्राक्षाचं मणी तडकत्यात म्हणून शेकोट्या पेटवा, बागेला पाणी सोडा. जलमभर छळलंय या थंडीनं मला. तिचं माहेर कसं हाय ते एकदा बघू तर दे."

यावर कोण नाही म्हणणार? पण नवरा 'नाही' म्हणाला. त्यालाही कारण होतं. सासूबाईंना दमा आहे. हिवाळ्यात पहाटे त्यांची छाती अशी वाजते की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. घरात ही गत, तर उणे दहात पत्र्याच्या डब्यात काय होईल, असं त्याचं म्हणणं. मी बरीच भांडले. शेवटी त्यानं अट घातली. निफाडला कडाक्याची थंडी पडेल तेव्हा आईनं गाडीत एक रात्र झोपायचं. पहाटे छाती वाजली नाही तर चल, वाजली तर विषय संपला. सासूबाईंनी अट लगेच कबूल केली आणि मला चुलीपाशी गाठून हळूच म्हणाल्या, "पोरी, गाडी नीट कर. माझं समदं तुझ्यावर हाय."

मग काय, मी पदर खोचला. भिंतींना आणि छताला थर्माकोलचे जाड ताव चिकटवले, वरून प्लाय मारलं. खिडक्यांच्या फटी, दाराच्या फटी, छतावरची जुनी झडप, जिथून म्हणून वारा येईल ते सगळं फोम आणि टेपनं बंद केलं. नवऱ्यानं डिझेलवर चालणारा, धूर बाहेर सोडणारा छोटा हीटर बसवला. मुंगीलाही आत यायला वाव ठेवला नव्हता आणि त्याचा मला केवढा अभिमान.

डिसेंबरात पारा घसरला तशी आम्ही कामावरून थेट गाव गाठलं. काय मजा आली त्या संध्याकाळी! गाडीतच खिचडी रांधली, तीनदा चहा केला, हीटर लावला. बाहेर लोक मफलर गुंडाळून फिरत होते आणि आम्ही आत स्वेटर काढून बसलो होतो. सासूबाई तर गादीवर मांडी घालून बर्फात कोणतं लुगडं नेसायचं याची चर्चा करायला लागल्या. माझ्या मते आम्ही गड जिंकलाच होता.

पहाटे माझ्या कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. दिवा लावला तर प्लायवरून पाणी ओघळत होतं, काचा गळत होत्या, गाद्या खालून ओल्या झाल्या होत्या, रजया दमट. सासूबाई उठून बसल्या होत्या. त्यांची छाती वाजत होती आणि आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून त्या पदराचा बोळा तोंडावर दाबून श्वास दाबत होत्या.

"आई, विषय संपला," नवरा म्हणाला. त्या पायात चपला अडकवून घरात गेल्या. मला त्याचा राग आला, गाडीचा आला आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या फोमचा आला.

पुढच्या शनिवारी आम्ही पोचलो तर सासूबाई गाडीत उभ्या. एका कोपऱ्यातलं प्लाय उचकटून त्यांनी मागचा ओला थर्माकोल बाहेर काढला होता.

"बागेत पानं दाट झाली की काय होतं रे?" त्यांनी लेकाला विचारलं.

"दव साचतं, रोग येतो."

"मग काय करतो आपण?"

"पानं विरळ करतो. हवा खेळती ठेवतो."

"एवढं कळतंय ना तुला? आन हितं तिघांचे श्वास, खिचडीची वाफ, च्याची वाफ, समदं कोंडून ठेवलं. वाफ जाईल कुठं? दव माझ्याच अंगावर पडलं."

द्राक्षाच्या बागेत वाढलेला नवरा आणि वीस वर्षं त्या घरात नांदलेली मी, दोघांनाही हे सुचलं नव्हतं. थंडी म्हटली की कोंडून घ्यायचं, एवढंच आमच्या डोक्यात बसलं होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, आणखी एकच रात्र. त्यानं बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी पक्कड हातात घेतली. छतावरची झडप बोटभर उघडी केली, खाली दारापाशी तेवढीच फट ठेवली. गाद्यांखाली बांबूच्या कामट्या टाकल्या म्हणजे खालून हवा फिरेल. द्राक्षाच्या घडांना लावतो तसे काचांना वर्तमानपत्राचे दुहेरी कागद लावले. स्वयंपाक बाहेर. आणि झोपायच्या आधी सासूबाईंनी बोअरचं पाणी कॅनांत भरून पलंगाखाली रांगेनं ठेवायला लावलं. थंडीत जमिनीतलं पाणी कोमट असतं, म्हणून तर आम्ही ते पहाटे बागेला देतो. मुळांना चालतं ते माणसाला का चालू नये, हा त्यांचा सवाल होता.

त्या पहाटे मला जाग आली ती बाहेरच्या गडबडीनं. पंप सुरू झाले होते, धाकटा दीर माणसांना हाका मारत होता. कागद सारून पाहिलं तर बागोबाग शेकोट्या पेटलेल्या आणि बांधावरच्या गवतावर दव गोठून पांढरं झालेलं. मी आधी भिंतीला हात लावला. कोरडी ठणठणीत! मी आनंदानं नवऱ्याला हलवलं. मग मोबाइलवर वेळ पाहिली. पावणेपाच.

सासूबाई उठलेल्या नव्हत्या. डोक्यावरून रजई घेऊन पडल्या होत्या, हालचाल नाही, आवाज नाही. हीच शांतता ऐकायला मी आसुसले होते आणि आता तिचीच मला धास्ती वाटली. एवढा गलका होऊनही ही बाई उठत नाही म्हणजे काय? नवराही घाबरला. हवा हवी म्हणून त्यानं दार सताड उघडलं, वाकून आईच्या छातीपाशी कान नेला आणि तसाच थांबला.

"वाजत नाहीये," तो कुजबुजला.

रजईतून आवाज आला, "बाग ठीक हाय ना?"

"हो. धाकटा बघतोय."

"मग दार लाव ते. गार वारं येतंय. झोपू दे मला."

आम्ही दोघं चोरपावलांनी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. मला रडूही येत होतं आणि हसूही. दीर शेकोटीत काड्या सारत होता. "आई कुठंय?" त्यानं विचारलं.

"झोपलीय," नवरा म्हणाला.

दीर हातातली काडी तशीच धरून आमच्याकडे बघत राहिला. हिवाळ्यातल्या पहाटे आईबद्दल हा शब्द त्या घरात आजवर कुणी उच्चारलाच नव्हता.