दोन प्लग निघाले, तिसरा तुटला

सलाम मंडळी. साबणाने तीनदा धुतलेल्या, तरी काळ्याच राहिलेल्या हातांनी टाइप करतेय.

आमचे हे परवा दुबईहून येतायत. कायमचे. तिथलं काम सुटलं. फोनवर म्हणाले, "घाबरू नको, दारात गाडी आहे ना! गणपतीपुळ्याची भाडी मारीन." गाडी दोन वर्षं उभीच. म्हटलं, निदान चालू तरी करून ठेवू. इंजिनाचे नवे स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी आणल्या आणि आज दुपारी स्वतःच बदलायला घेतल्या.

जाताना ह्यांनी बजावलं होतं, "आपल्या राजिवड्याची हवा समुद्राची, खारी. लोखंड दिसेल तिथे खोबरेल लावत जा." मी लावलं. बिजागऱ्या, कुलपं, गाडीची दारं, चाकांचे नटसुद्धा. पण प्लग दिसतात कुठे हो?

दोन निघाले. तिसरा गंजून घट्ट बसलेला. जोर लावला आणि कट्ट! वरचा तुकडा पान्यात आला, खालचा इंजिनातच राहिला.

शेजारचे करीमचाचा जहाजावर फिटर होते. त्यांनी वाकून बघितलं. "इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवायला लागेल गो. तरी निघेलच असं नाय."

नव्या वायरी अजून पिशवीतच आहेत.

आत्ता ह्यांचा फोन येऊन गेला. "गाडी बरी आहे ना?"

"अगदी चकाचक," मी म्हटलं. सकाळीच धुतली होती.

तुमच्यापैकी कुणाचा असा तुटलेला प्लग निघालाय का? नसेल निघाला तर उत्तर देऊ नका. निदान परवापर्यंत.