तीन सह्यांची जाहिरात

तुम्ही शेवटची जुनी वस्तू विकलीत, तेव्हा घेणाऱ्याला काय सांगितलं नाहीत?

मी गाडी विकली. गाडी आईची होती, पण घेणाऱ्याच्या हातात किल्ली मी ठेवली. परदेशी बनावटीची, लांबलचक, चामड्याच्या सीटची गाडी. आमच्यासारख्यांच्या घरात ती कशी आली हे आधी सांगायला हवं.

आमच्या घरातून पत्रकं निघतात. पणजोबा गिरणीत कारकून म्हणून इंदूरला आले, पुढच्या पिढ्या नोकऱ्यांत रुजल्या. बाबा नोकरी सांभाळून आयुष्यभर पत्रकं लिहीत आले. नळाला पाणी नाही, शाळेची फी वाढली, सुट्ट्या तेलात भेसळ आहे. पिवळ्या कागदावर, एका पानात. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्याच कागदांवर. घरचा एक नियम आहे. कुठलाही छापायचा मजकूर घराबाहेर जाण्याआधी त्याच्या कोपऱ्यात तिघांच्या सह्या हव्यात. बाबा लिहितात. आई शब्द कमी करते, ती शाळेत गणित शिकवायची आणि जादा शब्द तिला सहन होत नाही. मी चुका बघते. दहा वर्षांची असल्यापासून मी सही करते आहे. खोट्या वाक्याखाली माझी सही नाही, हे मी कॉलेजात लोकांना ऐकवायचे. आवाज चढवून ऐकवायचे.

आई निवृत्त झाली आणि तिनं एका सकाळी जाहीर केलं, "मला गाडी घ्यायची आहे. मोठी. जिच्यात बसल्यावर कंबरेला रस्ता कळणार नाही अशी."

"मोठी म्हणजे केवढी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही जिच्याविरुद्ध पत्रक काढाल एवढी."

मी बोलायला लागले. तीन माणसांना एवढी गाडी कशाला, सिटी बस आहे, आपण आजवर काय लिहीत आलो. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं भाषण? मग चहा टाक. आणि लायसन तुझ्याकडेच आहे, चालवायची तुलाच आहे."

जुनी गाडीच परवडणार होती. विजय नगरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात ती मिळाली. दुकानदार आईला म्हणाला, "मॅडमजी, एका डॉक्टरसाहेबांची आहे. एकदम मक्खन." आम्ही कागद पाहिले, सर्व्हिसची वही पाहिली, ॲव्हरेज विचारलं. बाबांनी तर डिकीतला जॅकसुद्धा काढून बघितला. आणखी काय विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पहिल्याच महिन्यात गाडी डावीकडून बसू लागली. तिच्या सस्पेन्शनमध्ये, प्रत्येक चाकावर, स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या होत्या आणि पुढची डावी पिशवी गळत होती. रात्रभर उभी राहिली की सकाळी तिचं नाक त्या बाजूला जमिनीकडे झुकलेलं असायचं. वरच्या मजल्यावरचे काका दूध आणायला उतरताना थांबायचे.

"वहिनी, गाडी नमस्कार करतेय तुम्हाला."

"करू दे. घरात दुसरं कोण करतंय?" आई म्हणायची.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तर टाय लावलेल्या मुलीनं हसून सांगितलं की पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, माल बाहेरून येईल, तोवर गाडी इथेच ठेवा. आम्ही बाहेर पडलो आणि जुनी इंदूर नावाच्या भागातल्या एका मेकॅनिककडे गेलो. पन्नाशीचा माणूस, मराठी बोलणारा, गळ्यात चष्मा. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ नुसतं बघितलं.

"ताई, छोट्या गाडीला बिमारी होते. ह्या गाड्यांना रिपोर्ट निघतो. तुम्ही टेन्शन नका घेऊ भिया."

भिया म्हणजे इंदुरी बोलीतला भाऊ. मला तसं म्हणायला त्याची हरकत नव्हती, माझीही नव्हती. त्यानं चारही चाकांच्या हवेच्या पिशव्या बदलल्या. मग उन्हाळ्यात कूलंटचा प्लास्टिकचा पाइप तडकला. मग काचा खाली जायच्या आणि वर यायच्या नाहीत. दोन वर्षांत मला त्या गाडीचं पोट पाठ झालं. मी तिला शिव्या देत होते, पण आईला घेऊन बाहेर पडले की तिचा चेहरा सैल पडलेला दिसायचा. ती पुढे, माझ्या शेजारी बसायची. एकदा उज्जैनच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा आला. मी कचकन ब्रेक मारला, गाडी हातभर अंतरावर थांबली. आईनं पदर नीट केला आणि म्हणाली, "ह्या गाड्यांत जिवाची भीती नसते. पैसे त्याचेच असतात."

मग हॉर्न बंद पडला.

मेकॅनिकनं त्याच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं स्टीअरिंगच्या मधलं झाकण काढलं आणि हात तिथेच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"ताई, यात बॅग नाहीये."

"कसली बॅग?"

"एअरबॅग. फुटून गेलेली. झाकण नवीन बसवलंय."

आत थर्माकोलचा तुकडा होता, चिकटपट्टीनं नीट बसवलेला. आईच्या बाजूला डॅशबोर्डवर नवं आवरण चिकटवलं होतं, त्याखालीही बॅग नव्हती. म्हणजे गाडीची पूर्वी जोरात धडक झाली होती आणि तिच्यात तेव्हा कुणीतरी बसलेलं होतं. मी विचारलं, मग इतके दिवस काही इशारा कसा आला नाही? त्यानं तांदळाच्या दाण्याएवढी एक वस्तू बोटावर घेऊन दाखवली.

"हा रजिस्टन्स. बॅगच्या वायरला हा जोडला की कॉम्प्युटरला वाटतं बॅग आहे. किल्ली फिरवली की एअरबॅगची बत्ती येते, मग विझते. बत्ती विझली म्हणजे सगळं ओके, असं लोक समजतात. कॉमन काम आहे, ताई."

मेकॅनिक चष्मा पुसत होता. "हॉर्न तर चालू झाला ना?" त्यानं इलेक्ट्रिशियनला विचारलं. हॉर्न चालू झाला होता. मी तो एकदा वाजवून बघितला.

घरी येऊन मी सांगितलं. आईनं ऐकलं आणि भाजी चिरत राहिली. मी खिचडी दोनदा वाढून घेतली, हे मला स्पष्ट आठवतं. मला वाटत होतं मी चिडेन. माझं नावच त्यासाठी घेतलं जातं. पण राग आला नाही. दात काढताना गाल बधिर होतो आणि आपण त्याला बोट लावून बघतो, तशी मी स्वतःला तपासत बसले होते.

विजय नगरचा दुकानदार म्हणाला, माझ्याकडे आली तेव्हा अशीच आली. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, दोन्ही बॅगा, सगळे सेन्सर, कॉम्प्युटर, पूर्ण डॅशबोर्ड. तेवढ्या खर्चात दुसरी लहान गाडी आली असती. आईनं तिच्या निवृत्तीचे पैसे यात घातले होते. ती म्हणाली, "मी तिच्यात परत बसणार नाही." आणि बसली नाही.

"भंगारात देऊ," मी म्हटलं.

"आईची सगळी नोकरी भंगारात देऊ?" बाबा म्हणाले. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "विकू. मी जाहिरात लिहितो. एक अक्षर खोटं लिहिणार नाही."

त्यांनी लिहिली. आईनं दोन शब्द काढले. कागद माझ्याकडे आला. घरगुती वापराची, दोन वर्षं एकाच कुटुंबाकडे. सस्पेन्शन नवं. कूलंटचं काम झालेलं. कागदपत्रं चोख. मी प्रत्येक वाक्य तपासलं. सस्पेन्शन खरंच नवं होतं. कागदपत्रं खरंच चोख होती. 'सस्पेन्शन'मधला पाय मोडायचा राहिला होता, तो मी मोडला. कोपऱ्यात दोन सह्या होत्या, तिसरी मी केली.

घेणारा दुसऱ्याच रविवारी आला. साधा, हसरा माणूस, बँकेत होता, बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी बरोबर. मुलगी थेट पुढच्या सीटवर चढून बसली आणि बटणं दाबू लागली.

"अरे, उतर. गाडी अभी अपनी नहीं हुई है," तिची आई म्हणाली.

"हो जाएगी," मुलगी म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

त्या माणसानं बाबांना ॲव्हरेज विचारलं, मला सस्पेन्शनचं बिल विचारलं. मग किल्ली फिरवण्याआधी सहज विचारलं, "एअरबॅग वगैरह सब ठीक है ना, दीदी? ये तो आगे ही बैठती है."

मी बाबांकडे पाहिलं. ते फाटकाच्या कडीशी काहीतरी करत होते. आई घरात होती.

"चाबी घुमाके देखिए," मी म्हणाले. "बत्ती आती है और चली जाती है."

त्यानं किल्ली फिरवली. बत्ती आली आणि गेली. "बढ़िया," तो म्हणाला.

माझं वाक्य खरं होतं. पत्रकांच्या घरात वाढलेल्या माणसाला असं वाक्य बनवता येतं. शब्द शब्द खरा आणि माणूस फसतो. दुसऱ्यांची अशी वाक्यं पकडायला मी शिकले होते. बनवायलाही शिकले होते, हे त्या दिवशी कळलं. ते गेल्यावर मी गाडीची रिकामी जागा झाडून काढली. तेलाचा डाग राहिला, त्यावर माती टाकली.

त्यानंतर बाबा नवं पत्रक लिहू लागले, बाजारात विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या मसाल्यांवर. चांगलं लिहिलं होतं. मी चुका बघितल्या, सही केली. आईकडे कागद गेला तर तिनं तो न वाचताच परत सरकवला.

"मी सही करणार नाही."

"काय कापायचं आहे?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. आधी त्या माणसाला फोन करा. तोवर ह्या घरातून लोकांना शहाणपण सांगणारा कागद जाऊ नये."

"काय सांगू त्याला?"

"मला विचारताय? आयुष्यभर कुणाला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवलंत."

बाबा उठले नाहीत. फोन मी केला. गाडी विकून तीन आठवडे उलटून गेले होते. त्या माणसानं ओळखलं, "हाँ दीदी, बोलिए." मी सगळं सांगितलं, एका दमात, त्याला मध्ये बोलू न देता. 

"दीदी, वो तो मैंने निकाल दी," तो म्हणाला. त्याची बदली झाली होती, लहान गाडी घेताना त्यानं ती एका दुकानात बदल्यात देऊन टाकली होती, दुकानाचं नावही त्यानं सांगितलं. मग त्यानं आवाज न चढवता विचारलं, "आपको उस दिन मालूम था?"

"हाँ."

त्यानं फोन ठेवला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हणायची पद्धत आहे. मला बरं किंवा वाईट काही वाटलं नाही. ती मुलगी आता त्या सीटवर नाही, एवढं कळलं. मग लगेच हेही कळलं की तिथे आता दुसरं कुणी आहे.

ज्या दुकानात ती गाडी गेली होती तिथला माणूस म्हणाला, लगेच उठली, महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक होतं, जळगाव की धुळ्याकडचं. नाव सांगायला तो तयार नव्हता. आता तिकडचा नवा नंबर पडला असेल. मी त्या गाडीची कुणीच नव्हते, त्यामुळे सरकारी दफ्तरात अर्ज करूनही मालकाचं नाव मिळालं नाही.

म्हणून हे मराठीत लिहिते आहे. बाबांनी ते वाचलं, काही बदललं नाही. आईनं चार शब्द कमी केले.

गाडी गडद निळी आहे, आतून बदामी. मागच्या डाव्या सीटवर छापखान्याच्या शाईचा तळहाताएवढा काळा डाग आहे, आम्ही गठ्ठे नेताना पडलेला. पुढच्या डाव्या सीटची शिवण कडेला उसवली होती, ती आईनं जाड तपकिरी दोऱ्यानं घातली आहे, टाके मोठे आहेत. अशी गाडी तुम्ही इंदूरहून आलेली म्हणून घेतली असेल, किंवा शेजाऱ्याच्या, पाहुण्याच्या, ऑफिसातल्या कुणाच्या दारात पाहिली असेल, तर आजच त्यांना हे वाचून दाखवा. त्या गाडीत एअरबॅगा नाहीत. त्या बसवल्या जाईपर्यंत ती चालवू देऊ नका, आणि पुढे कुणालाही बसू देऊ नका. लहान मुलं असतील तर त्यांना आत्ता खाली उतरवा.