लेकुरवाळं झाड

भेंडीचं वावर दिसलं की त्या बाई आठवतात. अकोला-अमरावती एसटीत मी कृषी खात्यात आहे हे कळताच त्यांनी पदराच्या गाठीतून पिवळी पानं काढली.

"केवडा रोग आहे," मी म्हणालो. "याचा विषाणू झाडाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्यासारखे हजारो घडवून घेतो. पांढरी माशी त्यांना शेजारच्या झाडावर नेते. रोगट झाडं उपटा, बाकीची वाचतील."

"म्हंजे घरात घुसून घरच्यायलेच राबवते मेला! पण शेंगा धरलेलं लेकुरवाळं झाड माह्यानं कसं उपटवीन, भाऊ? चला, तुमीच उपटा."

मी त्यांच्यासोबत त्यांच्या गावी उतरलो. मी झाडं उपटत असताना बाई बांधावर पाठमोऱ्या उभ्या राहून "झालं का?" विचारत राहिल्या.

शेवटच्या झाडावर ताजं फूल होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.